लेओने नाकारावा सारखे क्लब का बदलत राहिला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: २०१८ मध्ये युरोपातला सर्वोत्तम रग्बी खेळाडू ठरलेला फिजीचा लेओने नाकारावा दोन वर्षांच्या आत क्लबमधून काढला गेला, मग ग्लासगो, अल्स्टरशी फिसकटलेला करार, तुलों, कास्त्र अशी त्याची फिराफिर झाली. ‘फिजीची पोरे गुणी, पण बेशिस्त’ असे समालोचक म्हणतात, ते खरे मानायचे का? आणि फिजीत आता स्वतःचा व्यावसायिक संघ आला आहे, त्याने काही बदलेल का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शिक्षण पुण्यात झाले, पण कामाची बरीच वर्षे इंग्लंडमधल्या खालच्या विभागांतल्या रग्बी क्लबांत गेली. तिथे फिजीचे खेळाडू हमखास भेटतात. काही क्लबने आणलेले, काही ब्रिटिश लष्करात भरती होऊन आलेले आणि शनिवारी खेळणारे. नाकारावावर मी कधी उपचार केलेले नाहीत, त्यामुळे त्याच्याबद्दल जे लिहितो ते सगळ्यांना माहीत असलेलेच आहे. पण त्याच्यासारखी शरीरे आणि त्याच्यासारखी वेळापत्रके मी पुष्कळ पाहिली आहेत. माझे मत असे की शिस्तीबद्दल बोलण्याआधी या माणसाचे कॅलेंडर समोर ठेवावे.

आधी तो खेळतो काय ते सांगतो, कारण आपल्याकडे रग्बी पाहणारे कमी. नाकारावा लॉक आहे. दोन्ही संघांचे गडी एकमेकांना भिडून ढकलतात त्या स्क्रममध्ये दुसऱ्या फळीत खांदा लावून ढकलायचे आणि चेंडू बाहेरून आत फेकला जातो त्या लाइनआउटला सोबत्यांनी उचलले की वर जाऊन तो पकडायचा, ही लॉकची मुख्य कामे. उंची साधारण साडेसहा फूट. एवढ्या आकाराच्या गड्याने धडका द्याव्यात, चेंडू जमिनीवर ठेवावा आणि उठून पुढच्या धडकेला जावे अशी युरोपात अपेक्षा असते. नाकारावा ते करतोच, पण त्याची ख्याती ऑफलोडची. अंगावर दोघे लटकलेले आहेत, तो खाली जातो आहे, आणि तेवढ्यात एका हाताने चेंडू मागून येणाऱ्या सोबत्याकडे सोडतो. बचाव करणारे टॅकलमध्ये, म्हणजे त्याला धरून पाडण्यात, अडकलेले, त्यामुळे त्या सोबत्यासमोर मोकळे मैदान. स्कॉटलंडच्या ग्लासगो वॉरियर्सने २०१५ मध्ये बेलफास्टला आयर्लंडच्या मन्स्टरला ३१-१३ हरवून प्रो-ट्वेल्व्ह ही बारा क्लबांची लीग जिंकली, तेव्हा सामनावीर नाकारावा होता. स्कॉटलंडच्या कुठल्याही व्यावसायिक संघाला मिळालेले ते पहिले मोठे विजेतेपद.

बघणाऱ्याला ऑफलोड ही जादू वाटते. मला त्यात खांदा दिसतो. पडताना माणूस आपोआप हात टेकतो. ऑफलोड करणाऱ्याचा हात चेंडूत गुंतलेला असतो, म्हणून तो खांद्यावर, बरगडीवर किंवा पाठीवर पडतो, आणि वर दोन माणसांचे वजन असते. शिवाय टॅकल होऊनही उभे राहायचे म्हणजे कंबर आणि गुडघे पिळवटून निघतात. फिजीची मुले हे लहानपणापासून करतात. गावच्या गवतावर, समुद्रकाठच्या वाळूत, प्लास्टिकची बाटली किंवा गुंडाळलेले कापड चेंडू म्हणून घेऊन, तेही बहुतेक वेळा टॅकलऐवजी नुसते शिवून खेळतात. ते कौशल्य तिथे तयार होते. पण ते रोजच्या रोज १२० किलोच्या माणसांसमोर, ओल्या मैदानावर, वर्षाचे दहा महिने वापरायचे तर शरीराला विश्रांती लागते. ती कुठून मिळते ते बघू.

नाकारावाचे २०१५ आणि २०१६ घ्या. मे २०१५ अखेर ग्लासगोची अंतिम लढत. त्याच सप्टेंबरात इंग्लंडमध्ये विश्वचषक, फिजी अशा गटात की समोर इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि वेल्स. तिथून परत ग्लासगोचा पूर्ण मोसम, तो उन्हाळ्यापर्यंत. मग फिजीचे प्रशिक्षक बेन रायन यांनी त्याला ऑलिम्पिकच्या सेव्हन्स संघात घेतले. सात जणांचा हा खेळ पंधरा जणांच्या खेळापेक्षा वेगळ्या शरीराचा असतो. चौदा मिनिटांत सतत धाव, म्हणजे लॉकचे वजन उतरवून फुप्फुसे वाढवायची. रायन यांचा सराव सिंगातोकाच्या वाळूच्या टेकड्यांवर चाले. ११ ऑगस्ट २०१६ रोजी रिओमध्ये फिजीने ग्रेट ब्रिटनला ४३-७ हरवून देशाचे पहिले ऑलिम्पिक पदक घेतले, तेही सुवर्ण. फिजीत राष्ट्रीय सुट्टी जाहीर झाली, पुढे त्या संघाच्या सन्मानार्थ ७ डॉलरची नोट निघाली. नाकारावा त्या संघात होता. आणि तोवर फ्रान्सचा नवा मोसम सुरू होत आला होता, जिथे त्याने रासिंग ९२ या पॅरिसच्या क्लबशी करार केलेला होता.

आता मोजा. या साखळीत सलग आठ-दहा आठवड्यांची विश्रांती कुठे आहे? फ्रेंच किंवा इंग्लिश खेळाडूलाही मोसम मोठा असतो, पण त्याचे घर ट्रेनने दोन तासांवर असते. सुट्टी लागली की तो घरी झोपतो. फिजीच्या खेळाडूला मायदेशातले नांदी विमानतळ गाठायला सिंगापूर, हाँगकाँग किंवा लॉस एंजेलिसमार्गे दिवसभराहून जास्त प्रवास. पोचल्यावरही तो झोपत नाही, कारण तिथे गावात त्याची वाट बघणारे काम असते. त्याबद्दल पुढे लिहितो.

या सगळ्यानंतर २०१७-१८ मध्ये नाकारावा त्याच्या आयुष्यातला सर्वोत्तम खेळ खेळला. रासिंग युरोपियन चॅम्पियन्स कपच्या अंतिम फेरीत गेले, बिल्बाओत आयर्लंडच्या लेन्स्टरकडून १२-१५ हरले, आणि युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. लॉकला असा मान मिळणे ही दुर्मीळ गोष्ट. ढकलणारी माणसे सहसा पुरस्कारांत दिसत नाहीत.

मग २०१९. विश्वचषक जपानमध्ये, सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे फ्रान्सचा मोसम चालू असताना. आंतरराष्ट्रीय नियमानुसार क्लबला खेळाडू सोडावाच लागतो, पण तो गैरहजर असतानाचा पगार बहुतेक वेळा क्लबच देतो. फिजीचा संघ गटातच बाद झाला. उरुग्वेकडून कामाइशीत झालेला पराभव बोचणारा होता. स्पर्धेनंतर नाकारावा फिजीला गेला आणि ठरलेल्या तारखेला परतला नाही. डिसेंबरात रासिंगने करार संपवला.

उशीर झाला हे खरेच आहे आणि क्लबची चीडही खरी आहे. मी क्लबच्या बाजूने काम केलेला माणूस आहे. लॉक जखमी पडलेले असताना आपला चांगला गडी अर्ध्या जगापलीकडे आहे, हे प्रशिक्षकाला काय वाटते ते मला माहीत आहे. पण ‘बेशिस्त’ म्हणणाऱ्याने हेही सांगावे की जो माणूस चार वर्षांत दोन विश्वचषक, एक ऑलिम्पिक आणि युरोपातल्या दोन देशांतले मोसम खेळला, तो बाकी वेळ सकाळी सातला जिममध्ये हजर होताच की. बेशिस्त माणसाचे शरीर युरोपात एक मोसमही टिकत नाही.

गावच्या कामाचे काय ते आता. फिजीतली सुमारे ८७ टक्के जमीन मूळ फिजीअन कुळांच्या सामाईक मालकीची आहे. ती विकता येत नाही. त्यामुळे पैसा मिळाला म्हणून खेळाडू एकटा वेगळा होऊन बसत नाही. त्याचे घर, त्याचे कूळ, त्याचे चर्च, त्याच्या गावची शाळा हे सगळे एका जमिनीवर आणि एका नात्यात असते. नातलगाने काही मागितले तर ते द्यावे, याला तिथे केरेकेरे म्हणतात, आणि नाही म्हणणे लज्जास्पद मानले जाते. पगार झाला की चर्चची वर्गणी, चुलत भावंडांची फी, वादळात उडालेले छप्पर, कोणाचे लग्न, कोणाचे मर्तिक. गिरण्यांच्या काळात मुंबईच्या मनीऑर्डरीवर कोकणातली घरे चालत, तसेच हे, फक्त पैसे पाठवणारा इथे टीव्हीवर दिसतो आणि म्हणून सगळ्यांना त्याचा पगार माहीत आहे असे वाटते. परदेशातल्या सगळ्या कामगारांनी मिळून पाठवलेली रक्कम अलीकडे वर्षाला १ अब्ज फिजी डॉलरच्या पुढे गेली आहे. लोकसंख्या जेमतेम ९ लाख असलेल्या देशात ही रक्कम केवढी याचा अंदाज करा.

म्हणून मोठ्या स्पर्धेनंतर फिजीला गेलेला खेळाडू सुट्टीवर जात नाही. तो हजेरी द्यायला जातो. माझ्याकडे उपचाराला असलेल्या एका खेळाडूने गावाहून परत आल्यावर सांगितले होते की तिकडे सगळ्यात जास्त दमवणारी गोष्ट म्हणजे रात्र-रात्र मांडी घालून यंगोना पीत बसणे. यंगोना म्हणजे तिथले कावा, समारंभाचे पेय. तो हसत सांगत होता. त्याच्या मांडीच्या मागच्या स्नायूंना हात लावल्यावर मला त्यात हसण्यासारखे काही सापडले नाही.

आता करार. फिजीतून युरोपात जायच्या वाटा तीन-चार आहेत. एक शाळेची: डीन्स ट्रॉफी ही शालेय स्पर्धा तिथे प्रचंड महत्त्वाची, क्वीन व्हिक्टोरिया, रातू कांदावुलेवु, लेलियन अशा शाळांच्या सामन्यांना मोठी गर्दी होते, आणि तिथूनच मुले हेरली जातात. दुसरी वाट नोकरीची: पोलीस, लष्कर, तुरुंग खात्यातले संघ. लेवानी बोतिया तुरुंगात पहारेकरी होता, तिथून फ्रान्सच्या ला रोशेल क्लबला गेला, आणि त्या क्लबने २०२२ व २०२३ मध्ये युरोपचे अजिंक्यपद घेतले तेव्हा त्या संघात होता. तिसरी वाट सेव्हन्सची.

फ्रान्समध्ये एक नियम आहे ज्याने सगळे गणित बदलले. सामन्याच्या २३ जणांच्या यादीत सरासरी ठरावीक संख्येने, अलीकडे १६, खेळाडू फ्रान्समध्ये घडलेले असावे लागतात. ‘घडलेले’ म्हणजे तरुणपणी तिथल्या मान्यताप्राप्त अकादमीत तीन वर्षे किंवा तिथल्या महासंघाकडे पाच वर्षे नोंदलेले. राष्ट्रीयत्वाचा संबंध नाही. हेतू फ्रेंच मुलांना जागा मिळावी हा होता. व्हायचे ते झाले: क्लब अठरा-एकोणीस वर्षांची फिजीअन मुले आणू लागले, म्हणजे तेविशीपर्यंत ती नियमाच्या दृष्टीने फ्रेंच ठरतात. नोआ नाकाइताथी आणि आलिवेरेती राका क्लेरमों क्लबमार्गे थेट फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातच गेले. त्यांचे भले झाले. पण जो मुलगा विसाव्या वर्षी गुडघ्याची अस्थिबंधने तोडून घेतो, ज्याला फ्रेंच येत नाही, आणि ज्याचा अकादमी-करार पुढे वाढत नाही, त्याची बातमी येत नाही. तो मग तिसऱ्या-चौथ्या विभागातल्या एखाद्या छोट्या गावाच्या क्लबकडे जातो, दिवसा द्राक्षमळ्यात किंवा गोदामात काम, संध्याकाळी सराव. घरी तो अजूनही ‘फ्रान्समधला व्यावसायिक खेळाडू’ असतो, आणि पैसे तितकेच मागितले जातात.

या नियमाचा दुसरा परिणाम नाकारावासारख्यांवर झाला. पंचविशीनंतर आलेल्या खेळाडूची नोंद परदेशी म्हणूनच राहते. यादीत परदेशी जागा मोजक्या, त्यामुळे त्याने सतत उत्कृष्ट असावे लागते. थोडा दुखावला, थोडे वय झाले, की क्लब त्या जागेवर दुसरा शोधतो. सरासरी कामगिरीचा फ्रेंच लॉक दहा वर्षे एका क्लबात काढू शकतो. सरासरी कामगिरीच्या फिजीअन लॉकला ती मुभा नाही. त्याची ‘फिराफिर’ इथून येते.

रासिंगनंतर तो २०२० च्या सुरुवातीला पुन्हा ग्लासगोला गेला. मग कोविडने मोसम मोडला. २०२१ मध्ये उत्तर आयर्लंडच्या अल्स्टरने त्याला घेतल्याचे जाहीर केले आणि नंतर वैद्यकीय तपासणीत गुडघ्यावर गाडी अडली. करार झाला नाही.

ही तपासणी काय असते ते सांगायला हवे, कारण माझा संबंध नेमका तिथे येतो. करारापूर्वी खेळाडूच्या जुन्या दुखापतींची यादी घेतली जाते, गुडघा, खांदा, मान, घोटा हाताने तपासले जातात, आणि शंका आली की एमआरआय. तिशी ओलांडलेल्या लॉकच्या गुडघ्याचा एमआरआय कधीच स्वच्छ नसतो. कूर्चा झिजलेली, हाडाखाली सूज, जुन्या शस्त्रक्रियेच्या खुणा. त्यावरून ‘हा खेळू शकेल का’ हे सांगता येत नाही. वाईट चित्रांचे गुडघे मी वर्षानुवर्षे खेळताना पाहिले आहेत. पण क्लबचा प्रश्न वेगळा असतो: याचा विमा उतरेल का, आणि दोन वर्षांच्या पगारात हा किती आठवडे मैदानावर असेल? डॉक्टर सावध उत्तर देतात, वकील त्याहून सावध. या निर्णयात कोणी दुष्ट नसतो, आणि खेळाडू मात्र बिनपगारी होतो.

त्यानंतर त्याला तुलोंने घेतले आणि २०२२ मध्ये तो कास्त्रला गेला. पस्तिशीनंतरही तो फ्रान्सच्या पहिल्या विभागात लॉक म्हणून खेळत राहिला. त्या गुडघ्यावर. मला विचाराल तर २०१८ च्या पुरस्काराहून हीच त्याची मोठी कामगिरी आहे.

फ्रान्समध्ये मेडिकल जोकर म्हणून एक प्रकार आहे, तो फिजीअन खेळाडूंच्या तोंडी नेहमी असतो. मोसमात कोणी दीर्घ काळ जखमी झाला तर त्याच्या बदल्यात क्लबला काही महिन्यांसाठी नवा खेळाडू घेता येतो. त्यासाठी हाताशी मोकळा, तंदुरुस्त, विमानात बसायला तयार असा गडी लागतो. फिजी अशा गड्यांचे भांडार मानले जाते. तीन महिन्यांचा करार, नवी भाषा, नवे मैदान, आणि पूर्वतयारीचे आठवडे शून्य. स्नायूंच्या दुखापती कुठे होतात असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी म्हणतो, इथे बघा.

‘बेशिस्त’ या शिक्क्याचा उगम बहुधा फिजीचाच एक जुना खेळाडू, रूपेनी थाउथाउनिम्बुथा. २००३ च्या विश्वचषकात त्याने फ्रान्स आणि स्कॉटलंडच्या बचावाची जी दैना केली ती आजही लोक शोधून बघतात. वेग अमानुष. आजें क्लबकडून खेळताना तो फ्रान्समधल्या सर्वात धोकादायक खेळाडूंपैकी एक होता. पण तो वेळेवर परतत नसे, कधी वनुआ लेवु बेटावरच्या बुआतल्या गावी राहून जाई, वजन वाढे, एकदा गांजाप्रकरणी बंदीही आली. त्याचे प्रकरण मी सावरून घेणार नाही. फक्त एवढेच की एका माणसाच्या गोष्टीवरून पुढच्या वीस वर्षांतल्या शेकडो खेळाडूंना मोजले गेले. त्याच मापाने मग २०२३ मध्ये जोसुआ तुइसोवाने जे केले ते कुठे बसवायचे? विश्वचषक चालू असताना त्याचा लहान मुलगा आजाराने गेला. तुइसोवा अंत्यविधीला न जाता संघाबरोबर फ्रान्समध्ये राहिला आणि खेळला. हे योग्य की अयोग्य, मला ठरवता येत नाही. पण कर्तव्याची कमतरता तिथे नक्की नव्हती.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. फिजीअन द्रुआ हा संघ २०२२ पासून सुपर रग्बी पॅसिफिकमध्ये, म्हणजे न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या व्यावसायिक संघांच्या स्पर्धेत, खेळतो. घरचे सामने लौटोका आणि सुव्हाला. याने फरक पडला, आणि तो मोजता येण्यासारखा आहे. २०२३ च्या विश्वचषक संघात जवळपास निम्मे खेळाडू द्रुआचे होते. त्या संघाने आधी ट्विकनहॅमवर इंग्लंडला हरवले, स्पर्धेत ऑस्ट्रेलियाला २२-१५ असे नमवले, पोर्तुगालकडून एका गुणाने हरूनही उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि तिथे इंग्लंडकडून ३०-२४ असा पराभव झाला. पूर्वी फिजीचा संघ जगाच्या चार कोपऱ्यांतून स्पर्धेआधी काही आठवडे गोळा व्हायचा. आता निम्मा संघ वर्षभर एकत्र सराव करतो, एकाच फिजिओच्या हाताखाली असतो, आणि घरी पोचायला बसचे तिकीट पुरते. लाइनआउट आणि स्क्रम सुधारले ते यातून.

पैशाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. द्रुआ जे देऊ शकते त्याहून फ्रान्स आणि इंग्लंड खूप जास्त देतात. त्यामुळे पंचविशीतला चांगला खेळाडू दोन-तीन मोसमांनी जातोच. फरक एवढा की तो आता एकोणिसाव्या वर्षी अकादमीत एकटा पडण्याऐवजी घडून, करार वाचायला शिकून, एजंटला दोन प्रश्न विचारण्याइतका मोठा होऊन जातो. माझ्या ओळखीतल्या तरुण खेळाडूंना मी तीनच गोष्टी सांगत असे: कराराची इंग्रजी प्रत मागा, सुट्टीच्या तारखा करारात लिहून घ्या, आणि फिजीच्या भविष्यनिर्वाह निधीत स्वतःहून पैसे भरा, कारण तिथले पैसे केरेकेरेने सहज काढता येत नाहीत. तिसरी गोष्ट ऐकून ते सगळ्यात जास्त हसायचे, आणि तीच सगळ्यात जास्त जण करायचे.

आणि हे सगळे फार लांबचे नाही. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला मोसम झाला, सेव्हन्सचा, दोन आठवड्यांचा. चेन्नई बुल्स जिंकले. त्यांचे प्रशिक्षक बेन गॉलिंग्स, जे आधी फिजीच्या सेव्हन्स संघाचे प्रशिक्षक होते. स्पर्धेत फिजीचे खेळाडूही होते. लोकांनी त्यांचे पास पाहून टाळ्या वाजवल्या, योग्यच केले. सेव्हन्सचा जागतिक मोसम त्या वर्षी मे महिन्यात संपला होता. म्हणजे ते इथे मुंबईच्या जूनमधल्या दमट हवेत धावत होते, ते त्यांच्या विश्रांतीच्या आठवड्यांत.